घरातली चौथी वेळ

सूर्य रेल्वे पुलाला अगदी टेकून होता, लाल, फुगलेला, आणि योगिता ताथोडला तो उगवतोय की मावळतोय ते कळेना.

हातात चहाची गाळणी घेऊन ती गॅलरीत उभी होती. लग्न होऊन ती याच घरात आली, पोर याच घरात झाली, याच गॅलरीत तिने दर उन्हाळ्यात कुरड्या वाळवल्या. पूल कुठल्या दिशेला आहे हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण झोप हीच तर भानगड होती.

"आत्याबाई," तिने आत डोकावून सासूला विचारलं, "उगवला की मावळला?"

सिंधूबाई दिवाणावर पाय पसरून मेथी निवडत होत्या. "मावळून राहिला न बाप्पा. वेडीबिडी झाली का व?"

"मग हा आल्याचा चहा कोणाचा?"

"मले काय माहीत? मंगेश तं झोपाले जाईन आता. आन इसू उठून कॉफी पेते."

म्हणजे तिने नवऱ्याचा सकाळचा चहा संध्याकाळी केला होता. योगिताने तो मोरीत ओतला. हसावं की रडावं ते ठरेना, म्हणून तिला राग आला. अलीकडे तिला राग असाच येई, दुसरं काही जमेनासं झालं की.

हे सगळं सुरू झालं ते उन्हामुळे. अकोल्याला ऊन काही नवीन नव्हतं, पण गेल्या काही वर्षांत ते इतकं चढलं की भर दिवसा माणूस रस्त्यावर दिसेना. सगळं शहर पहाटेच्या गारव्यात एकदम बाहेर पडायचं आणि दिवेलागणीला पुन्हा एकदम. तेव्हाच नळाला ओढ, तेव्हाच विजेला ओढ, बसला तेव्हाच लोंबकळणारे. मग वर बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की शहर वाढवणं महाग, त्यापेक्षा दिवस पसरावा. परदेशात म्हणे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात. आपण आसामपासून गुजरातपर्यंत एकाच घड्याळावर संसार केलेला देश. आपण घड्याळाला हात लावला नाही, माणसं सरकवली.

लोकांना तीन वेळा वाटून दिल्या. उगवतीवाल्यांचा दिवस सूर्याबरोबर सुरू होई, माध्यान्हीवाल्यांचा भर दुपारी, मावळतीवाल्यांचा दिवे लागल्यावर. मंगेश डाळ मिलमध्ये मशीनवर होता, त्याला उगवती मिळाली. लेक ईश्वरी, आजीची इसू, घरी बसून कॅनडातल्या विमा कंपनीचे दावे तपासायची, तिला मावळती. पेन्शनवाल्यांना उरलेली माध्यान्ही दिली, त्यात सिंधूबाई गेल्या. घर एकच, छप्पर एकच, आणि खाली तीन सकाळी.

हे जमलं ते एका शोधामुळे. डोळ्यात बघणाऱ्या पेशी असतात, तशा काही न बघणाऱ्याही असतात. त्या फक्त उजेड किती आहे ते मोजतात आणि मेंदूतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या एका गाठीला कळवतात. त्या गाठीत वीसेक हजार पेशी. प्रत्येकीचं आपलं छोटं घड्याळ, आणि सगळ्या भुलाबाईच्या फेरात पोरी हात धरतात तशा एकमेकींना धरून फिरतात. म्हणून तर शरीराचं घड्याळ हट्टी. दोन रात्री जागून ते बदलत नाही. नव्या गोळीने ती हातांची पकड सैल व्हायची. मग कानशिलावर चिकटवलेली चकती झोपेत, मिटल्या पापण्यांमधून उजेडाचे बारीक ठोके द्यायची, आणि अख्खा फेर हवा तेवढा वळायचा. गोळी थांबली की पोरी पुन्हा हात धरणार आणि माणूस नव्या वेळेत पक्का बसणार. चकतीला लोक टिकली म्हणत. पुरुषांनीही टिकल्या लावायला ही अशी वेळ यावी लागली.

मंगेशला, ईश्वरीला आणि सिंधूबाईंना गोळी एकेकदाच लागली. योगिताला मात्र दर महिन्याला लागायची, कारण तिचा वर्गच वेगळा होता. तिचा वर्ग लवचीक, म्हणजे स्वतःची पक्की वेळ नाही, घरातल्या बाकी वेळांना पुरायचं.

महापालिकेच्या शाळेत नोंदणीचं शिबिर होतं तेव्हा यंत्राने गोड आवाजात विचारलं होतं, "आपण काय करता?"

"काही नाही, घरीच असते," योगिता म्हणाली होती. तिच्या पुढच्या बाईने तेच सांगितलं होतं, मागचीनेही तेच सांगितलं. माणसाला असं सांगितलं तर तो निदान तोंडदेखलं 'असं कसं, घरात काय कमी काम असतं' म्हणतो. यंत्राला रीतभात नव्हती. त्याने विश्वास ठेवला. जिला काही काम नाही तिला वेळ कशाला हवी? रेशनकार्डाप्रमाणे घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख, म्हणून योगिताच्या नोंदीवर सिंधूबाईंना अंगठा लावायला सांगितलं. त्यांनी लावला आणि पदराला पुसला.

तेव्हापासून योगिताच्या डोक्यातल्या पोरींनी एकमेकींचा हात धरला नव्हता. टिकली तिला झोपेचे तुकडे देई. नवऱ्याचा डबा झाला की एक तुकडा, सासूचा नाश्ता झाला की एक, लेकीच्या जेवणानंतर एक. उठल्यावर डोळे टक्क उघडे असत, आणि आत काहीतरी पाण्यावर तरंगल्यासारखं. त्यातून या घरची रीत अशी की बाईने सगळ्यांचं झाल्यावर बसायचं. सिंधूबाई तशाच बसत आल्या, त्यांच्या सासूही तशाच. पण आता सगळ्यांचं कधी होतच नव्हतं. एकाचं ताट उचलावं तर दुसऱ्याचं पाणी मांडायची वेळ. योगिता ओट्याला टेकून खाई, एक घास या सकाळीत आणि दुसरा त्या संध्याकाळीत.

मोरीतला चहा वाहून गेल्यावर तिने दुसऱ्या दिवशी सरळ गोळ्या देणारं वेळ केंद्र गाठलं.

तिथल्या डॉक्टर निकहत देशमुख लेकीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी योगिताला एक टोपी घातली आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर पिवळे ठिपके लुकलुकत होते, प्रत्येक आपापल्या चालीने, बाजार उठताना लोक पांगतात तसे.

"नीट माणसाचे ठिपके एकदम पेटतात, एकदम विझतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे सुटलेत."

"मग धरवा ना हात."

"आता थांबलात तर धरतील. या महिन्याची गोळी घेतलीत, तर मी खात्री देणार नाही."

"आणि नाही धरले तर?"

डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उगाच सरळ केला. "तर झोप तुमची राहणार नाही, ताई. कायमची. टिकली झोपवेल तेव्हा झोपायचं, उठवेल तेव्हा उठायचं. टिकली काढली तर झोपही नाही आणि धड जागही नाही."

योगिताने पांगलेल्या ठिपक्यांकडे पाहिलं. तिला वाटलं, हे आपलं डोकं नाही, आपलं स्वयंपाकघर आहे.

उपाय होता. केंद्राच्या मागे अंधारखोली होती. तिथे आठवडाभर राहायचं, गोळी बंद, रात्री गडद काळोख, सकाळी ठरलेला उजेड, मध्ये कुणी उठवायचं नाही. मग पक्की वेळ मिळे. पण त्यासाठी कुटुंबप्रमुखाचा अंगठा हवा, आणि निदान पहिला महिना घरात दुसरं कुणीतरी लवचीक हवं.

"आणि नसलं तर?"

"तर तीन वेळांचं घर चालू शकत नाही असं धरतात. सगळ्यांना एकच वेळ देतात. मग तुमच्या मुलीची नोकरी जाईल, नाही तर मिस्टरांची."

योगिताला हे समजायला एक क्षण लागला, आणि समजल्यावर ती खुर्चीत ताठ बसली. "म्हणजे त्यांना माहीत आहे. घर कुणाच्या जिवावर चालतं ते नियमात लिहिलेलं आहे."

"असं शब्दशः नाही लिहिलेलं."

"कोण होऊ शकतं लवचीक?"

"अठरा ते साठ. कोणीही."

"पुरुष?"

डॉक्टर हसल्या, आणि मग हसणं अर्ध्यावर थांबलं. "नाही म्हणून कुठे लिहिलेलं नाही. कुणी विचारलंच नाही आजवर."

"त्यांच्या डोक्याचंही असंच होईल?"

"एका महिन्याने काही होत नाही. पकड परत बसते. खरं तर घरातल्यांनी आळीपाळीने घेतलं असतं ना, तर तुमचंही काही झालं नसतं."

"हे मला पहिल्या महिन्यात का नाही सांगितलंत?"

"मी सकाळी गरम डबा घेऊन येते, ताई," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या. "माझ्याही घरी एक लवचीक आहे. अम्मी."

योगिताने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. बोलली असती तर वाईट बोलली असती.

घरातले तिघंही जागे असायची वेळ एकच. मंगेशला जांभया येत असत, ईश्वरी केस विंचरत असे आणि सिंधूबाई दुपारच्या भरात असत. त्या वेळी योगिताने गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि महिनाभर मंगेशने लवचीक व्हावं तेही सांगितलं.

"मी?" मंगेशची जांभई तोंडातच राहिली. "अगं, मी मशीनवर असतो. डुलकी लागली तर हात जाईल माझा."

"माझा गॅसवर जाईल. हात सारखाच असतो."

"तसं नाही. पण तू घरीच तर..." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

"आई, मी होते," ईश्वरी म्हणाली. "मला चालेल."

"तुला नाही."

"बाबांना चालतं, मला का नाही?"

"बाबा महिनाभर करतील आणि महिना संपल्यावर बरोबर लक्षात ठेवून थांबतील. तू सुरू केलंस की कोणी तुला थांब म्हणणार नाही, आणि तूही म्हणणार नाहीस. मी म्हटलं का?"

सिंधूबाईंनी डबीतली सुपारी तोंडात टाकली. "माह्या लेकाच्या नावानं अंगठा नाही देनार मी. सांगून ठेवतो. आमी नाही केलं का? पहाटं उठा, पानी भरा, वीस मानसाचा सयपाक करा. आमच्या डोक्यातल्या पोरी नाही सुटल्या कुठी."

"तुमच्या वेळी सूर्य तरी एकच होता, आत्याबाई."

"मंग मलेच लिव. मी होतो लवचीक. तशीबी झोप येत नाही मले."

"बघा," मंगेश सुटल्यासारखा म्हणाला. "आई तयार आहे ना."

योगिताने त्याच्याकडे पाहिलं. सत्तरी ओलांडलेली आपली आई ज्याला इतक्या सहज पुढे करता आली, त्याच्याशी भांडायचं तरी कुठून, असं तिला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या चला सगळे."

केंद्रात गर्दी होती. गोळीसाठी आलेल्या बायका भिंतीशी रांगेत बसल्या होत्या, काही बसल्या बसल्या झोपल्या होत्या. मंगेशने सुट्टी टाकली होती आणि तसं तो येताना वाटेत दोनदा म्हणाला होता. सिंधूबाई यंत्रापुढच्या स्टुलावर बसल्या, अंगठा लावला आणि ठणकावून म्हणाल्या, "लवचीकमधी माहं नाव घाल. सुनेचं काढ."

"क्षमस्व," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही श्रेणी धोकादायक आहे."

"कायचा धोका?"

"स्मरणशक्ती, हृदय आणि शरीराचा तोल."

सिंधूबाईंनी स्टूल पुढे ओढलं. "मंग इच्या वेळी काऊन नाही सांगतलं?"

"आपला प्रश्न समजला नाही. कृपया पुन्हा विचारा."

"अव, इले धोका नाही का? माह्या सुनेले? तिले का लोखंडाचं डोस्कं हाये?"

"साठ वर्षांखालील लवचीक व्यक्तींसाठी धोका स्वीकारार्ह आहे."

"कोणी स्वीकारला?" योगिताने मागून विचारलं.

"कुटुंबप्रमुखांनी," यंत्र म्हणालं.

रांगेतल्या झोपलेल्या बायकाही आता जाग्या होत्या. सिंधूबाईंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखं. मग हात पदराखाली घेतला. "चाल घरी," त्या म्हणाल्या. "मंग पाहू."

आणि तेव्हा योगिताच्या आतलं ते पाण्यावर तरंगणारं काहीतरी तळाला टेकलं.

"मंग नाही पाहायचं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतले सगळे तिच्याकडे वळले. "एकच सांगा मला. यात धोका नाही असं वाटत असेल, तर लेकाच्या नावाने अंगठा द्या. एक महिना. धोका आहे असं वाटत असेल, तर माझ्या नावाने कसा दिला? दोन्ही खरं नाही असू शकत, आत्याबाई. तुम्ही मला भाकरी शिकवलीत, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र बसलात. वाईट बाई नाही तुम्ही. मग हे कसं दिलंत? मला एकदा हाक मारून विचारायचं होतं, योगिता, लावू का अंगठा?"

"तुले कोन विचारते?" सिंधूबाई पुटपुटल्या. "मले कोनं विचारलं कवा?" त्यांचा आवाज चिरकला. मग एकदम, माशी मारावी तसा त्यांनी अंगठा काचेवर आपटला. "मंगेश रामराव ताथोड. लवचीक. एक महिना. घाल."

"आई!" मंगेश उठला. "काय करून राहिली तू?"

"तुही बायको इतके दिवस नाही मेली, तू एका महिन्यानं नाही मरत."

"अगं, पण मला विचारायचं की नाही?"

"व्यक्तीची संमती आवश्यक नाही," यंत्राने गोडपणे कळवलं. "कुटुंबप्रमुखांचा अंगठा पुरेसा आहे. नोंद होत आहे."

"असं कसं? माझं डोकं आहे, मला न विचारता?"

रांगेतून एक हसू फुटलं. मग दुसरं. बघता बघता भिंतीशी बसलेल्या सगळ्या बायका हसत होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेल्या, कानशिलावर टिकल्या लावलेल्या बायका. त्या हसण्यात गंमत नव्हती. मंगेशने रांगेकडे पाहिलं, आणि ही रांग कसली आहे ते त्याला पहिल्यांदा दिसलं असावं. त्याचे कान लाल झाले.

योगिताला आता बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे म्हणजे तिच्यावर झालेलं त्याच्यावर करणं. आवाज ऐकून डॉक्टर निकहत बाहेर आल्या होत्या, त्यांच्याकडे ती वळली. "थांबवा ती नोंद. त्यांना विचारा."

"नियमात तशी गरज नाही, ताई."

"मला माहीत आहे नियमात नाही. मला विचारलं नाही म्हणून त्यांनाही विचारायचं नाही, तर मग मी कशावर भांडतेय? विचारा. इथे, सगळ्यांसमोर."

डॉक्टरांनी यंत्राची नोंद थांबवली. घसा साफ केला. "मंगेश ताथोड, तुमच्या पत्नीला अंधारखोलीत पाठवायचं आहे. त्यासाठी एक महिना तुम्ही लवचीक व्हाल का?"

मंगेश आईकडे बघेना, बायकोकडे बघेना. तो नाही म्हणू शकत होता. या खोलीत आजवर नाही म्हणता येणारा तो पहिलाच माणूस होता आणि हे त्याला कळत होतं. योगिता त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिने मदत केली नाही, शब्द पुरवला नाही, एरवी ती पुरवायची.

"मशीनवरून बाजूला करायला सांगतो मिलमध्ये," तो अखेर जमिनीकडे बघत म्हणाला. "पाखडणीवर बसवतील. हो. होतो."

"मोठ्यानं," रांगेतली एक म्हातारीशी बाई म्हणाली.

"हो!" मंगेश ओरडला.

त्याच संध्याकाळी योगिता अंधारखोलीत गेली. खोलीत एक पलंग, पाण्याचा तांब्या आणि भिंतीत एक ध्वनिवर्धक होता. टिकली काढताना कातडी थोडी सोलली. डॉक्टर निकहत दाराशी उभ्या राहून सूचना देत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"तुमच्या घरून. विचारतायत, कुकरची रिंग कुठल्या डब्यात असते."

"शोधू दे."

"सासूबाई म्हणतात, नुसतं एवढंच सांग."

"त्यांनाही शोधू दे." मग योगिताने विचारलं, "तुमच्या अम्मींचं वय काय?"

"छप्पन."

"घरात अजून कोण?"

"अब्बू. दोन भाऊ." डॉक्टरांनी दाराची कडी उगाच खालीवर केली. "उद्या बोलते मी त्यांच्याशी."

"आज बोला. घरी जाऊन, डबा ठेवायच्या आधी. आणि अम्मींनाही विचारा, त्यांच्या मागे नका ठरवू."

डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर चपला वाजत होत्या, बायकांची कुजबुज येत होती. रांग गोळीच्या खिडकीपासून हलून इकडे सरकली होती आणि कुणीतरी विचारत होतं, अंधारखोल्या एवढ्याच का? कुणी बांधल्या, आणि कुणासाठी मोजून?

दार लागलं. काळोख असा उतरला की योगिताला आपलाच हात दिसेना. तिला इतका संताप आलेला होता की तो गालांवर गरम लागत होता. यंत्रावर, नियमावर, त्या काचेवरच्या अंगठ्यावर, मंगेशच्या गिळलेल्या वाक्यावर, आणि गाळणी हातात घेऊन सूर्याची दिशा विसरलेल्या एका बाईवर.

"ताई," ध्वनिवर्धकातून डॉक्टरांचा आवाज हळू आला. "राग बाजूला ठेवा आता. नाही तर झोप लागणार नाही."

योगिताने कूस वळवली आणि पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं.

"बाजूला नाही ठेवायचा मला," ती म्हणाली. "राग राहील जागा. मी झोपते."